सैल कांडी

परवा सोसायटीचे सेक्रेटरी सहीसाठी कागद घेऊन आले. समोरच्या इमारतीत एक नवीन भाडेकरू आलाय, तिशी उलटलेला नोकरदार गृहस्थ. त्याच्याकडे जाड चाकांची मोटारसायकल आहे आणि तिचा सायलेन्सर त्याने मुद्दाम बदलून घेतलाय. संध्याकाळी तो मनीषनगरच्या वळणावर आला की आमच्या खिडकीच्या काचा थरथरतात. तक्रारीवर सगळ्यांच्या सह्या झाल्या होत्या. मी चष्मा लावून अर्ज दोनदा वाचला, शुद्धलेखनाच्या दोन चुका दाखवल्या आणि सही न करता परत दिला. सेक्रेटरींचं तोंड वाकडं झालं. "काका, तुमचं वय लक्षात घेऊनच हे चाललंय," म्हणाले. माझं वय माझ्या लक्षात आहे, असं म्हणून मी दार लावून घेतलं. माणूस वाईट नाही. पण नवतपा लागला होता आणि नवतप्यात माझं डोकं जरा ठिकाणावर नसतं.

नवतपा म्हणजे मे महिन्याच्या शेवटाचे ते नऊ दिवस. सूर्य रोहिणीत जातो आणि नागपूरच्या छातीवर येऊन बसतो. हे नऊ दिवस नीट तापायला हवेत, एकही थेंब पडता कामा नये, असं इथले म्हातारे बजावत असतात. आता मीही त्यांच्यातलाच, पण मी काही बजावत नाही. सकाळी नऊलाच रस्ते ओस पडतात. दाराची कडी हाताला चटका देते. कूलरमधल्या ओल्या वाळ्याचा वास घरभर भरतो. बाकीच्यांना तो वास म्हणे थंडावा देतो. मला तो वास आला की धंतोलीतल्या त्या नर्सिंग होमचा जिना दिसतो, लाल कोब्याचा, मधल्या पायरीचा कोपरा उडालेला.

हे सत्तरीच्या दशकाच्या अखेरीचं. मी तेव्हा खापरखेड्याच्या वीज केंद्रात इंजिनिअर होतो. कंट्रोल रूममध्ये बसून भिंतभर लावलेल्या तबकड्यांवरचे काटे वाचायचे, हे माझं काम. कुठल्या काट्याचं थरथरणं साधं आणि कुठल्या काट्याचं वाईट, हे मला लांबून कळायचं आणि त्याचा मला भारी गर्व होता. बायको सुमन, सावनेरची. घरची कापसाची शेती, बोलणं रोखठोक. आणि आमची गाडी.

गाडीबद्दल सांगायला हवं, कारण तेव्हाचे लोक मला सुमनचा नवरा किंवा इंजिनिअर म्हणून कमी आणि त्या गाडीवाला म्हणून जास्त ओळखत. इंग्रजी बनावटीची, दोन सीटांची, कापडी टपाची स्पोर्ट्स कार. गडद हिरवी. इतकी बुटकी की बैलगाडीच्या शेजारी उभी राहिली तर बैल वरून बघत. सावनेरकडच्या एका कोळसाखाणीचा गोरा मॅनेजर साठीच्या दशकात मायदेशी निघाला, तेव्हा सुमनच्या मोठ्या भावाच्या ओळखीने ती मला मिळाली. सावनेरहून खापरखेड्याला आणताना सुमन शेजारी बसली होती, पदर दातात धरून. वाटेत तिने मान वळवून मागे पाहिलं आणि म्हणाली, "हिले मागची सीटच नाही. लेकरू झालं तं कुठं बसवाचं?"

लेकरू झालं नाही. गाडी दोघांना पुरली.

सुमनला त्या गाडीचा आवाज आवडत नसे, किंवा आवडत नाही असं ती म्हणे. इंजिनातून निघालेला धूर ज्या नळीतून मागे जातो, ती नळी आणि तिच्या पोटातला सायलेन्सरचा डबा, दोन्ही आधीपासून गंजलेले. दर पावसाळ्यानंतर आवाज थोडा जाड व्हायचा. शेवटी शेवटी तर ती गाडी रस्त्यावर नुसती गुरगुरायची आणि चढावर खेकसायची. "तुमची गाडी बोलते का भांडते हो?" सुमन विचारायची. "साऱ्या कॉलनीत डांगोरा पिटते, साहेब आले म्हणून. मले तं लाज वाटते." मी कॉलनीच्या फाटकातून आत शिरून गाडी लावून घरात पाऊल टाकेपर्यंत ओट्यावर चहा गाळून तयार असायचा. इतकी वर्षं हे रोज घडलं. बायको कामाला चटपटीत आहे, एवढंच मी त्यावरून काढलं. काटे वाचणारा माणूस मी.

त्या वर्षी चैत्रात तिच्या पोटात दुखायला लागलं. आधी आम्ही ते उन्हावर ढकललं, मग कैरीच्या पन्ह्यावर. मग धंतोलीत नेलं. धंतोलीत तेव्हाही साऱ्या विदर्भातून आजारी माणसं यायची. बाहेर नातेवाईक झाडाखाली सतरंजी टाकून शिदोरी सोडून बसलेले असायचे. डॉक्टरांनी तिचं पोट उघडून पाहिलं आणि तसंच शिवून टाकलं. मला खोलीत बोलावून जे सांगायचं ते त्यांनी शांतपणे सांगितलं. मी मान हलवली. त्यांचा शब्द न शब्द मला कळला आणि त्यातला एकही मी घरी नेला नाही. त्याला कारण होतं. ते कारण रोज संध्याकाळी वरच्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीत उशीला टेकून बसलेलं असायचं.

ड्यूटी संपली की मी कोराडीच्या रस्त्याने निघायचो. लू अजून वाहत असायची. ती झळ बाधू नये म्हणून कानाला रुमाल बांधलेला, खिशात कांदा. टप काढलेल्या गाडीत त्या वेळी बसणं म्हणजे भट्टीचं दार उघडून आत बसणं, पण टप फाटला होता आणि सायलेन्सर फुटला होता आणि मला दोन्हीकडे बघायला वेळ नव्हता. सदरवरून सीताबर्डी, तिथून धंतोली. गल्लीच्या तोंडाशी एक मोठा कडुनिंब होता. तिथे वळलं की नर्सिंग होम दिसायचं. मी गाडी फाटकाशी लावायचो, जिना चढायचो, दारावरचा वाळ्याचा ओला पडदा सारायचो. सुमन बसलेली असायची. केस विंचरलेले, अंबाडा घातलेला, कपाळाला कुंकू, गालांना थोडी पावडर. पायांवर धुतलेली चादर सरळ.

"आले का? उन्हात काहून येता एवढ्या? जेवले का दुपारी?"

"तू कशी आहेस?"

"आज बरं वाटून राहिलं."

रोज हेच. आज बरं वाटून राहिलं. मी ते ऐकायचो आणि डॉक्टरांच्या खोलीतलं सगळं पुसून टाकायचो. उलट घरी जाताना मनात बेत चालायचे. पावसाळा लागला की हिला घरी न्यायचं, अंगावर थोडं मांस आलं की रामटेकला जायचं, गडाच्या पायथ्याशी गाडी लावून दोघांनी भुट्टे खायचे. सहकारी विचारत, तर मी म्हणे, सुधारणा आहे. काही जण माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत. त्यांच्या बघण्याचा मला राग यायचा.

मग एका संध्याकाळी मोठ्या सिस्टरने मला जिन्यात अडवलं. इतर पेशंटना त्रास होतो, म्हणाली, गाडी लांब लावा नाहीतर तिचं तोंड बंद करा. मला ते टोचलं. त्याहून जास्त असं टोचलं की इतकी वर्षं सुमन हेच सांगत होती आणि मी हसण्यावारी नेत होतो. आता ती अंथरुणाला खिळली तरी आपल्याला एवढंसं करता येऊ नये? नवीन सायलेन्सर बसवायचा असं मी तिथेच जिन्यात ठरवलं. तिला सांगायचं नाही. एक दिवस गुपचूप जाऊन उभं राहायचं. ती म्हणेल, आज गाडी नाही आणली का? मग मी सांगणार. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला काहीतरी करायला मिळालं होतं.

विलायतेहून तो भाग मागवणं अशक्य. मुंबईच्या एका दुकानदाराला लिहिलं, त्याचं उत्तर आलं नाही. कोणीतरी सांगितलं, पाचपावलीत गोमाजी मिस्त्री म्हणून आहे, तो नसलेली वस्तू करून देतो. गोमाजी जातीने कोष्टी, घराणं मूळचं उमरेडचं. नागपुरात तांडापेठेत त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या हातमाग चालले. पुढे लुगड्यांना गिऱ्हाईक राहिलं नाही, तेव्हा माग गुंडाळून माळ्यावर गेला आणि गोमाजी पत्र्याच्या कामात पडले. साठीचे, वाळकुडे, गुडघ्यापर्यंत धोतर, कपाळावर सरकवलेला वेल्डिंगचा काळा चष्मा. आणि कानांनी जवळजवळ गेलेले. "अर्धा जलम मागाचा खटका," ते म्हणाले, "अन् मंग ह्या पत्र्याचा ठोका. कानाले काय राहीन साहेब?"

बहिऱ्या माणसाकडून सायलेन्सर करून घेतोय याचं मला हसू आलं होतं. दोन दिवस रजा टाकून मी त्यांच्या दुकानासमोर स्टुलावर बसून राहिलो. नवतपा लागलेला, डोक्यावर ओला पंचा. गोमाजींनी ओलं पोतं जमिनीवर अंथरलं, त्यावर उताणे पडून गाडीखाली सरकले आणि जुनी नळी हातात घेऊन बाहेर आले. ती त्यांच्या हातातच चुरली. नव्या नळीला बाक द्यायचा, तर त्यांनी तिच्यात कन्हान नदीची सुकी रेती ठोकून ठोकून भरली, दोन्ही तोंडं लाकडाच्या खुंट्यांनी बंद केली, मग भट्टीत लाल करून हळूहळू वळवली. रेती भरलेली असली की नळी वळते, पण चेपत नाही. वळवून झाल्यावर त्यांनी खुंटी काढली आणि गरम रेती जमिनीवर ओतली. मी बघतच राहिलो. बाहेरून सरळ दिसणाऱ्या माणसाच्या आत काय काय ठासून भरलेलं असतं, असलं काही तेव्हा माझ्या मनात आलं नाही. तेव्हा मला फक्त ती कारागिरी दिसली.

सायलेन्सरच्या डब्यात मधोमध भोकं पाडलेली नळी असते. तिच्याभोवती काहीतरी गुंडाळायचं, म्हणजे ते आवाज पिऊन टाकतं. मी आमच्या बॉयलरच्या पाइपांवरून उतरवलेली ॲस्बेस्टॉसची पांढरी दोरी आणली होती. गोमाजींनी ती हातात घेतली, बोटांमध्ये चोळून पाहिली आणि त्यांचा चेहरा बदलला. मांडी घालून बसले. डाव्या हाताने नळी फिरवायची आणि उजव्या हाताच्या चिमटीतून दोरी सोडायची. वेढ्याला वेढा चिकटून, मध्ये केसाएवढी फट नाही. मला समजायला क्षणभर लागला. ते कांडी भरत होते. विणताना धोट्यात सुताची जी छोटी नळी बसवतात, ती कांडी. सूत तिच्यावर असंच, ताणून, एकसारखं भरायचं असतं. कांडी सैल भरली तर विणताना सूत अडकतं आणि लुगड्याला खोट येते. पंधरा वर्षं पत्रा ठोकून झाल्यावर त्या हातांना अचानक आपलं जुनं काम सापडलं होतं.

"सायलेंसर म्हणजे काय साहेब? चूप बस म्हणाची वस्तू," ते म्हणाले. "आता पाहा कशी चूप बसवतो."

सगळं जोडून झाल्यावर मी गाडी सुरू केली. गोमाजी मागे उकिडवे बसले आणि त्यांनी नळीच्या तोंडासमोर तळहात धरला. कानांनी ऐकू येत नव्हतं, म्हणून ते हाताने ऐकत. डोळे मिटून बराच वेळ तसेच राहिले. मग म्हणाले, "चारी सिलिंडर बी बराबर मारून राहिले. आवाज आहे का?"

नव्हता. इंजिन चालू आहे हे कळायला मला बॉनेटवर हात ठेवावा लागला.

तिथून मी थेट धंतोलीला गेलो. सीताबर्डीच्या चौकात ओळखीच्या पानवाल्याचं लक्षसुद्धा गेलं नाही. कडुनिंबाशी वळलो, फाटकाशी गाडी लावली, ओठांवर हसू घेऊन जिना चढलो आणि ओला पडदा सारला.

पलंग रिकामा होता. सुमन खाली फरशीवर होती. गुडघे पोटाशी घेऊन, कुशीवर, गाल फरशीला लावलेला. केस सुटून घामाने गळ्याला चिकटलेले, लुगडं कमरेशी गोळा झालेलं. दातांत टॉवेलचं टोक धरलेलं होतं आणि त्यातून एक आवाज येत होता. तो मला लिहिता येणार नाही. पारबताबाई, तिच्याजवळ असायची ती आया, शेजारी बसून तिची पाठ चोळत होती. सुमन वाळून गेली होती. हे मी आत्ता म्हणतो. रोज सरळ चादरीखाली ते मला दिसलंच नव्हतं.

तिची नजर माझ्यावर पडली. टॉवेल तोंडातून काढायलाही तिला वेळ लागला.

"गाडीचा आवाज नाही आला," ती म्हणाली.

तक्रार होती ती. आपल्यावर कोणीतरी अन्याय केल्यासारखी.

मी म्हणालो, "नवीन सायलेन्सर बसवला."

"चांगलं केलं," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "जरा बाहेर थांबता का?"

मी व्हरांड्यात भिंतीला टेकून उभा राहिलो. समोर गुलमोहर फुलला होता, निर्लज्जासारखा. थोड्या वेळाने पारबताबाई पाण्याचा तांब्या भरायला बाहेर आली आणि माझ्याकडे न बघता बोलली. "साहेब, तुमची गाडी बर्डीकून पुलाखालून निघाली का बाईले आयकू येते. मले बी येत नाही, त्याईले येते. मंग म्हणते, पारबता, उठव मले, साहेब आले. तेवढ्यात मी वेणीफणी करून देतो, तोंड पुसून पावडर लावतो. कुठून जीव आणते माहीत नाही. तुमी गेले का पुन्हा खाली." तिने तांब्या भरला. "आज काहून नाही वाजवली गाडी?"

आतून हाक आली. मी पडदा सारला. सुमन उशीला टेकून बसली होती, अंबाडा घातलेला, चादर सरळ.

"आले का? जेवले का दुपारी?"

"हो. तू कशी आहेस?"

"बरं वाटून राहिलं."

आम्ही दोघांनी ती संध्याकाळ पुन्हा पहिल्यापासून केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाचपावलीत होतो. गोमाजी मला बघून चपापले. "काय खराबी निघाली?"

"खराबी काही नाही. आवाज परत हवा."

त्यांना ऐकू गेलं नाही. मी पुन्हा सांगितलं. त्यांना वाटलं, आवाज येतोय अशी माझी तक्रार आहे. त्यांनी वाकून नळीच्या सांध्यांवर हात फिरवला, "कुठं लीक आहे ते दाखवा," म्हणाले, आणि त्यांचा चेहरा पडला, कारण लीक त्यांच्या हातून राहणार नव्हती. काही गोष्टी माणसाने हळू आवाजात सांगायच्या असतात. माझ्या नशिबात त्या एका बहिऱ्या माणसाला सांगणं आलं. मी भर रस्त्यात, कानाशी तोंड नेऊन, ओरडून सांगितलं. की माझी बायको आजारी आहे. की मी येतोय हे तिला आधी कळायला पाहिजे. की मी आल्यावर ती मला बसलेली दिसायला पाहिजे. शेजारचा सायकलवाला हातातला पंप तसाच धरून थांबला. समोरच्या ओट्यावर शेवया वाळत घालणाऱ्या दोन बाया आमच्याकडे बघू लागल्या. पुरुष रडताना कसा दिसतो हे पाचपावलीने त्या दिवशी पाहिलं असेल, मी आरशात पाहिलं नाही.

गोमाजी उठले. पोतं ओलं करून गाडीखाली गेले. डबा उतरवला, कापला, आतली नळी बाहेर काढली आणि दोरी सोडायला लागले. सगळी सोडली. मग पुन्हा भरायला घेतली. भरून झाली, बघतो तर तशीच. वेढ्याला वेढा. त्यांनीही बघितलं आणि पुन्हा सोडली. तिसऱ्या वेळीही हात आपोआप ताणून भरू लागला.

"सैल कांडी भरणं हाताले येतच नाही," ते स्वतःशी बोलल्यासारखं म्हणाले. "बापानं बोटावर फणी मारू मारू शिकवलं. घट्ट भर, घट्ट भर. आता हे कसं इसराचं?"

मी म्हटलं, मी भरतो. त्यांनी मान हलवली. मग नळी उजव्या हातात घेतली आणि दोरी डाव्या हाताच्या चिमटीत धरली. उलट्या हाताने, शिकाऊ माणसासारखी, वेडीवाकडी, मध्ये बोट जाईल अशा फटी ठेवत त्यांनी ती कांडी भरली. घामाच्या धारा लागल्या होत्या. आयुष्यात जाणूनबुजून केलेलं ते त्यांचं पहिलं वाईट काम असावं. डबा सांधण्यापूर्वी त्यांनी बाहेरच्या पत्र्यालाही खालून एक भोक पाडलं, हलक्या हाताने, वैद्याने गळू फोडावं तसं.

गाडी सुरू केली. गोमाजींनी तळहात धरला. डोळे मिटले.

"इतकं पुरे?" त्यांनी विचारलं. "बर्डीतून आयकू जाईन?"

जुना आवाज नव्हताच तो. जुना गंजून गंजून बनला होता, तो असा एका सकाळी कसा तयार होणार? हा जरा घोगरा होता. पण मोठा होता. त्या संध्याकाळी मी वर गेलो तेव्हा सुमन बसलेली होती. "काय झालं सायलेंसरले?" तिने विचारलं. "फुकट गेला," मी म्हणालो. "मिस्त्री कच्चा निघाला." गोमाजींबद्दल असं बोललो मी. तीसुद्धा माझ्याच बाजूची निघाली. "जाऊ द्या," म्हणाली, "आपल्याले सवय आहे."

मी आता सही का करत नाही हे त्या सेक्रेटरींना कसं सांगू? कोणाच्या तरी घरी, कुठल्या तरी मजल्यावर, तो घोगरा आवाज वळणावर आला की कोणी उठून बसत असेल. नसेलही. बहुतेक नाहीच. पण मी सही करणार नाही.

सुमन नवतप्याच्या अखेरच्या दिवशी दुपारी गेली. मी तेव्हा कंट्रोल रूममध्ये होतो, काटे जागच्या जागी होते. फोन आला. तेवढ्या उन्हात गाडी घेऊन निघालो, आणि कोराडीच्या रस्त्याने सारा वेळ ती गाडी गुरगुरत होती, आणि ते आता कोणासाठी, हे मला कळत होतं. तेराव्याच्या नंतर गोमाजी खापरखेड्याला आले, बसने, डोक्याला पंचा बांधून. थोडा वेळ ओट्यावर बसले. पाणी पिऊन झाल्यावर अंगणातल्या गाडीकडे बघत म्हणाले, "आता घट्ट भरून देऊ का साहेब?" मी नको म्हणालो. त्यांना ऐकू गेलं की नाही माहीत नाही, पण पुन्हा त्यांनी विचारलं नाही. गाडी मी दिवाळीनंतर रायपूरच्या एका हौशी माणसाला दिली. त्याने पहिल्यांदा काय केलं असेल तर सायलेन्सर बदलला असेल. गोमाजीही गेले. पाचपावलीत त्यांच्या जागी मोबाइलची कव्हरं मिळतात.

मला पुष्कळदा वाटतं, मी तिला फसवलं की तिने मला? ती संध्याकाळी माझ्यासाठी उठून बसायची, हे खरं. पण मलाच ती तशी दिसायला हवी होती, हेही खरं. फरशीवर तिच्याशेजारी जाऊन बसावं, तो टॉवेल काढून आपला हात तिच्या दातांत द्यावा, हे माझ्याने झालं नाही. मी मिस्त्रीकडे गेलो. उठून बसायला तिला लागणारी ती पाच मिनिटं मी तिला परत मिळवून दिली, असं म्हणून मी स्वतःची समजूत घालतो. काही वर्षी ती पटते, काही वर्षी पटत नाही. यंदा पटत नाहीये.

त्या शेवटच्या दिवसांत पारबताबाई मला म्हणाली होती, आता बाईंना उठायला जास्त वेळ लागतो. म्हणून मी एक करायला लागलो. गल्लीच्या तोंडाशी, कडुनिंबाखाली, गाडी उभी करायची. इंजिन बंद करायचं नाही. मध्ये मध्ये पाय दाबायचा, म्हणजे आवाज वरपर्यंत जात राहील. घड्याळात बघायचं. आधी पाच मिनिटं थांबायचो, मग दहा, मग पंधरा. कडुनिंबाच्या पिकलेल्या निंबोळ्या टपाटप सीटवर पडायच्या. जाणारे-येणारे वैतागून बघायचे. मग फाटकाशी यायचं, गाडी लावायची, जिना सावकाश चढायचा, जोरात खाकरायचं आणि मग पडदा सारायचा.

शेवटून दुसऱ्या दिवशी मी असाच वर गेलो. ती बसली होती. तिच्या पाठीशी आता तीन उशा होत्या. कुंकू थोडं तिरपं लागलं होतं. माझ्या शर्टाच्या खांद्यावर एक निंबोळी चिकटली होती. तिने हात लांब केला, तो पोचेपर्यंत मी वाकून उभा राहिलो. ती निंबोळी तिने काढली, बोटांत फिरवून पाहिली आणि म्हणाली, "एवढा वेळ उन्हात नका थांबत जाऊ कोपऱ्यावर. मी तयारच असतो."

मी म्हणालो, "ट्रॅफिक होता."

ती म्हणाली, "हो. असन."

धंतोलीत तेव्हा ट्रॅफिक नसायचा.